बॅटरी मी बसवली होती
ॲसिडचा वास नाकात गेला की माझं डोकं अजूनही तापतं. भिलाईत सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरसमोर बाबांची जुनी, दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार असायची. तिच्या बॅटरीची प्लसची तार बॉडीला जोडायची, हे बाबांनीच मला शिकवलं होतं. ते ड्युटीवर असताना नवी बॅटरी मी बसवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. आवाज ऐकून शेजारचे काका आले, स्टील प्लांटमधले इलेक्ट्रिकल इंजिनिअर. "प्लस कधी बॉडीले लावतेत का? सरक, तुले काय समजते यातलं!" "काका, या गाडीत उलटंच असते," मी ओरडत राहिले, पण त्यांनी तारा बदलल्याच. ठिणगी उडाली, डायनॅमोतून धूर निघाला, जळक्या रबराचा वास अंगणभर झाला. बाबा आले तेव्हा काका सांगून राहिले होते, "पोरीनं हात लावला न, म्हणून जळलं." बाबांनी तारांकडे पाहिलं, त्यांना सगळं कळलं. तरी मला म्हणाले, "काकांसाठी चहा टाक." चहा पिऊन काका म्हणाले, साखर कमी आहे. आज माझ्या गाडीची बॅटरी मीच बदलली आणि हात धुताना, आता नसलेल्या बाबांना मोठ्यानं विचारलं, "मग मले शिकवलं कावून?"