बासरी लागली की हात

ताईची बावीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात गेली होती. धाकट्या बहिणीने ओढून नेलं नसतं, तर इजिप्ती नाचाच्या रविवारच्या कार्यशाळेत तिने पाऊलही टाकलं नसतं. पण तिथल्या शिक्षिकेने पहिल्याच दिवशी सांगितलं, "पावलं मोजू नका, गाणं ऐका. ढोल वाजला की कंबर हलेल, बासरी लागली की हात." गाण्यात एवढं काही चाललेलं असतं, हे ताईला पन्नाशीत कळलं. बासरीवर तर तिचा जीवच जडला.

दुसऱ्या वर्षी ती बासरी ऐकू येईनाशी झाली. "गाणं बदललं का गं?" तिने विचारलं. गाणं तेच होतं. दुसऱ्या दिवशी बहीण तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

"मागांनी कान खाल्लेत," डॉक्टर म्हणाले. "बारीक आवाज आधी जातात. गेलेले परत येत नाहीत." कानात यंत्र घालून पाहिलं, तर पंखा आणि बासरी सारखीच खरखरली; तिने ते काढून ठेवलं.

ताई तरी जात राहिली. पुढच्या रांगेतले हात वर गेले, की आपले उचलायची. एका रविवारी शिक्षिका म्हणाली, "आज सगळ्यांनी डोळे मिटून नाचायचं."

ढोल तळपायांना जाणवत होता, तोवर ठीक होतं. तो थांबला. आता बासरी असणार, असं धरून ताईने हात उचलले आणि बराच वेळ हळूहळू फिरवत राहिली. शेवटी बहिणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी येऊन म्हणाली, "ताई, गाणं कधीच संपलं."

पुढच्या रविवारी बहीण एकटीच गेली.