अमावास्येचं तिकीट

कॅलेंडरवर अमावास्येचा काळा ठिपका दिसला की मला ती सात किलोंची बॅग आठवते. लेकीच्या बाळंतपणाला चेन्नईला जायचं होतं आणि शिर्डीहून सगळ्यात स्वस्त विमान नेमकं अमावास्येला होतं. "म्हनूनच सस्तं हाय ते!" सासूबाई म्हणाल्या. "बॅग आजच शेजारी नेऊन ठिव, म्हंजी तू आजच निघालीस." विमानात सात किलोंचीच मुभा होती, म्हणून मी बॅगेचं वजन करून, यादीवर खूण करून ती शेजारणीकडे ठेवली. दुसऱ्या दिवशी विमानतळावर काटा नऊ किलो दाखवू लागला. मी यादी तीनदा वाचली, काही उमगेना. बॅग उघडली तर वर शेजारणीचे डिंकाचे लाडू. "काकू, काहीतरी काढा किंवा जादा पैसे भरा," काउंटरवरची मुलगी म्हणाली. मी दोन जाड साड्या अंगाभोवती गुंडाळल्या आणि लाडू नेले. घरच्या हिशेबाच्या वहीत निघाल्याची तारीख कोणती लिहायची, ते मात्र अजून ठरत नाही.