नाक बघणारे वकील

मुरूडकर वकिलांना कुठलंही मूल दिसलं की ते आधी मुलाच्या तोंडाकडे बघत, मग बापाच्या तोंडाकडे, आणि मग नाकातून ‘हं’ करत. पुढे काही बोलत नसत. लग्नाच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कोर्टाबाहेरच्या टपरीवर, कुठेही. कायद्याचं ज्ञान बेताचंच होतं. त्या एका ‘हं’च्या जोरावर त्यांनी बेलापुरात ऑफिस थाटलं आणि बऱ्याच घरांची वाट लावली.

माझा भाऊ नितीनदादा त्यांच्याकडे स्वतःच्या पायांनी चालत गेला. वहिनीशी, म्हणजे सारिकाशी, त्याचं पटेनासं झालं होतं. दोघंही ऐरोलीला कंपनीत कामाला, घरी आले की भांडण सुरू. त्याला घटस्फोट हवा होता. ती सही देत नव्हती. चार वर्षांच्या स्वराला बाप हवा, एवढंच तिचं म्हणणं.

दादाने सोबत म्हणून मला नेलं. मी खुर्चीत टेकते न टेकते तोच वकीलसाहेबांनी त्याच्या मोबाइलवरचा स्वराचा फोटो मागून घेतला. फोटो बघितला, दादाकडे बघितलं.

“हं. नाक बघा.”

मी नाक बघितलं. आमच्या घरचं बसकं नाक, दादाचं आहे, माझं आहे, तेच पोरीच्या तोंडावर होतं.

“डीएनए टेस्टचा अर्ज टाकू,” ते म्हणाले. “आठ दिवसांत बाई सही करते. आपला अनुभव आहे.”

“अहो, पण स्वरा दादाचीच आहे!”

“मी कुठे नाही म्हणतोय, ताई?” ते गोड हसले. “टेस्ट मागायची असते, करायची नसते. बायकांना ते सहन होत नाही, बस. टेन्शन घेऊ नका.”

दादाने मान डोलावली. माझ्या सख्ख्या भावाने. मला त्याची शिसारी आली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्यांचा अर्ज तयारच असे, फक्त नावं बदलायची. तेवढेही कष्ट साहेबांनी नीट घेतले नव्हते. आमच्या स्वराचा एका ठिकाणी ‘सदर मुलगा’ झाला होता.

तारखेला मुरूडकर उभे राहिले आणि आपल्या अशिलाला कशी रास्त शंका आहे ते गहिवरून सांगू लागले. न्यायाधीशबाईंनी वहिनीला विचारलं, तुमची हरकत आहे का?

“नाही मॅडम. आजच करा.”

वकीलसाहेबांनी अर्ज पुन्हा उघडून बघितला. इतक्या वर्षांत कुणी असं म्हटलंच नसावं. बाया रडायच्या, चिडायच्या, भावाला पुढे करायच्या, आणि शेवटी सही करायच्या. ही नुसती उभी होती, पर्स खांद्याला लावून. मग साहेब घाईघाईने म्हणाले, “मॅडम, मूल लहान आहे. त्याच्या मनावर परिणाम होईल. आमची हरकत आहे.”

“अर्ज तुमचाच आहे ना, वकीलसाहेब?”

मागच्या बाकांवर हशा पिकला. टेस्टचा हुकूम झाला.

नमुने घ्यायच्या दिवशी स्वराला वाटलं, दात तपासायला आणलंय. वहिनीची आई दिवाळे गावातून मासळीचा धंदा टाकून आली होती. ती तिथल्या माणसावर उखडली, “माज्या नातीचा बाप कोन, ते तुमची मशीन सांगनार? ह्यो काय समोर उबा हाय, त्याला इचारा ना!” त्या माणसाने काडीला लावलेला कापूस पोरीच्या गालाच्या आतून फिरवला. दादा फरशीकडे बघत होता. स्वराने तोंड मिटलं आणि त्याचा शर्ट ओढला.

“बाबा, आता तू. घाबरू नको, दुखत नाही.”

रिपोर्ट आला. ओळीओळीने मुलीचे दोन-दोन आकडे होते, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. ज्या ओळीत बघावं त्या ओळीत दादा होता. कुणाही शहाण्या माणसाने तिथे हात जोडले असते. मुरूडकरांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “शंभर टक्के कुठे म्हटलंय? नव्व्याण्णव आणि वर काहीतरी. उरलेल्यात अजून केस आहे.” एवढा निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पण केस लढायची वेळच आली नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात वहिनी दादासमोर आली.

“तिला बाप पाहिजे म्हणून सही देत नव्हते. बाप कोण ते सिद्ध झालं, कसा आहे तेपण कळलं. दे पेन.”

दादाला हवं ते मिळालं. मुरूडकर माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हटलं नव्हतं, सही करतात?”

दादा पुण्याला गेला. लेकीला तोंड दाखवायची हिंमत त्याला पुन्हा झाली नाही. स्वरा आता सात वर्षांची आहे, वहिनीसोबत दिवाळ्याला आजीकडे वाढतेय, मी तिला भेटायला जाते.

गेल्या महिन्यात तिला घेऊन बेलापुरात फिरत होते, तर समोरून मुरूडकर वकील आले. थकलेत आता, हातात काठी आहे. मला ओळखलं नाही, पण सवय सुटलेली नव्हती. त्यांनी स्वराकडे बघितलं. बाप शेजारी नव्हता म्हणून मग माझ्याकडे बघितलं.

“तुमची मुलगी?”

“भावाची.”

“वाटलंच! नाकच सांगतंय हो. अगदी बापावर गेली असणार.”

माझ्या तोंडात शिवी आली होती. पोरगी सोबत होती म्हणून गिळली. तेवढ्यात स्वराने माझा हात ओढला.

“आत्या, हे बाबाला ओळखतात?”

“हो,” मी म्हटलं. “चांगलंच.”

“मग त्यांना सांग ना, बाबालापण सांगा म्हणावं, मी त्याच्यासारखी दिसते.”