यशवंताची बंडी आणि माझी

यशवंत आगाशे गेल्याचं मला कारखान्यात कळलं. आमच्या विभागात टेलिफोन एकच, साहेबांच्या टेबलावर. त्यांनी तो खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत दोन वाक्यं बोलले. सकाळी दाढी करता करता हृदय बंद पडलं होतं. मी हातातलं ड्रॉइंग पुरं केलं, पेन्सिली जागेवर ठेवल्या आणि मग राजाजीनगरला त्याच्या घरी गेलो. याला कोणी कोरडेपणा म्हणेल… असेलही. नंतर कारखान्यातल्या शोकसभेत मला त्याच्याविषयी बोलायला सांगितलं, तेव्हा घसा बसल्याचं कारण देऊन मी टाळलं. घसा ठणठणीत होता. यशवंताबद्दल खरं बोलायचं तर आधी स्वतःबद्दल एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी कुणाला सांगितलेली नव्हती.

आम्ही दोघं पुण्याहून एकाच सुमारास बंगळूरला आलो आणि मल्लेश्वरममध्ये एकाच गल्लीत भाड्यानं राहिलो. यशवंतानं पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या मराठी घरातली मुलगी केली. मालतीवहिनींच्या मराठीत कानडी इतकं मिसळलेलं, की सुरुवातीला मला निम्मं कळायचं नाही. त्या मला ‘लेले अण्णा’ म्हणायच्या, अजून म्हणतात. लग्नानंतर थोड्याच दिवसांत यशवंताला कुठल्याशा परदेशी मासिकात एक फोटो सापडला. वजनं भरलेलं जाकीट घालून एक गृहस्थ आरामात बाजाराला निघालाय. झालं! “लेल्या, व्यायामाला वेगळा वेळ हवाच कशाला? जिने चढतोच, बसमागं धावतोच, भाजी आणतोच. तेच सगळं अंगावर वजन घेऊन करायचं!” वहिनींनी जाड खाकी कापडाच्या दोन बंड्या शिवल्या, पुढं-मागं उभे कप्पे ठेवून, आणि कप्प्यांत चाळलेली वाळू भरली. “रस्त्यात वाळू सांडली तर मी दोघांनाही ओळख देणार नाही हं,” असंही बजावलं. शर्टाखाली त्या बंड्या घालून आम्ही कामाला जायचो. आम्ही फुगलेले दोघं बसमध्ये चढलो की कंडक्टर कानडीत विचारायचा, “काय सार, दोघंही सासुरवाडीहून येताय?”

पहिल्या काही आठवड्यांतच माझे खांदे सोलवटले. वखारीतून मी लाकडाचा भुसा आणला आणि वाळू काढून तो कप्प्यांत ठासला. बंडी तेवढीच फुगलेली दिसायची, वजन मात्र एखाद्या उशीइतकं. खांदे बरे होईपर्यंतच, असं ठरवलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी घराजवळचा चढ चढताना यशवंत मध्येच थांबला आणि कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. “बैल आहेस रे तू! माझा इथं भाता झालाय, आणि तू गप्पा मारतोयस!” मला आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. शाळेत खेळाच्या तासाला ज्याला सगळ्यांचे सदरे सांभाळायला बसवतात, तो मुलगा मी… वाळू मी परत भरलीच नाही. यशवंतानं मात्र उलटा हिशोब केला. लेल्या जर एवढा सहज चढतो, तर आपलीच तालीम कमी पडतेय. त्यानं वाळू काढून शिशाच्या गोळ्या भरल्या, मासेमारीच्या जाळ्याला लावतात तसल्या. थोडे दिवस गेले की आणखी मूठभर घालायचा आणि मला सांगायचा. “बेतानं वाढव,” मी म्हणायचो. ते त्याच्या काळजीनं की माझ्या भीतीनं, हे आज मला सांगता येत नाही.

शोभा, त्याची मुलगी, जन्मली त्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही येलहंकावरून नंदीच्या डोंगराला गेलो. दोघांच्याही अंगात बंड्या. त्या दिवशी यशवंत जोरात होता. टोक दिसायला लागलं तेव्हा तो माझ्याहून बऱ्याच पायऱ्या वर पोचला होता. “काय बैलोबा, दमलात?” असं ओरडत तो मागं वळला, आणि वळतानाच त्याच्या पाठीत काहीतरी गेलं. ओरडला नाही. नुसता खाली बसला. मग त्यानं हळूहळू बंडी काढली आणि म्हणाला, “ही तू घाल. तुला काय, दोन पेलतील.” मी ती माझ्या बंडीवर चढवली. एका खांद्यावर त्याचा हात, अंगावर त्याचं शिसं. पहिल्याच वळणावर त्या वजनानं मला बसावं लागलं. त्याला वाटलं, मी त्याच्यासाठी थांबलो. “थँक्यू रे,” म्हणाला. तिथं सांगायला हवं होतं… सांगितलं नाही.

पुढं त्याच्या कमरेला चामड्याचा पट्टा आला, झोपायला फळी आली. शोभाला त्यानं जमिनीवरून कधी उचललं नाही. कुणीतरी तिला त्याच्या मांडीवर द्यावं लागे. कितीदा तरी मीच दिली. आल्यागेल्याला तो सांगायचा, “लेल्याची हाडंच वेगळी. मी त्याच्या बरोबरीला गेलो, चूक माझी.” आणि मी समोर बसून ऐकायचो.

गेल्या आठवड्यात मी वहिनींकडे गेलो. त्या अवरेच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी म्हणालो, “वहिनी, माझ्या बंडीत वाळू नव्हती. भुसा होता.” आधी त्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

“पाठीचं काही नाही हो, अण्णा. पाठ कुणाचीही जाते. पण आपण मुळातच स्वल्प कमी, हे त्यांनी मनात धरलं. बाहेरगावची मोठी कामं चालून आली, तर म्हणायचे, ‘ते लेलेसारख्यांचं काम.’ मी किती भांडले त्यांच्याशी! आणि तुम्ही इथं बसून कॉफी पिऊन जायचात.” मी काही बोलणार, तर त्यांनी हात वर केला. “माफी नका मागू. द्यायला माझ्याकडे नाही ती आत्ता. शोभा येईल, तिला सांगा. तिला वाटतं, तिचे बाबा जन्माचेच नाजूक.”

मी बसून राहिलो. शोभा कॉलेजातून आली, आणि तिला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं काही सोपं गेलं नाही. ती पुस्तकं हातात धरून दाराशीच उभी होती. रागावली असणार, चेहऱ्यावर दिसत नव्हतं. मग तिनं विचारलं, “काका, बाबांची बंडी तुम्ही घातली होतीत ना? केवढी जड होती?”

“मला ती घालून पायऱ्या उतरताही येत नव्हत्या.”

“आणि बाबा ती घालून चढले?”

“हो. जवळजवळ टोकापर्यंत.”

“तुमच्या मागून?”

“नाही,” मी म्हणालो. “माझ्या पुढे होता. बराच पुढे.”

वहिनींनी शेंगांची परात बाजूला सारली. “अण्णा,” त्या म्हणाल्या, “तेवढंच पुन्हा सांगा.”