फाटकापर्यंतची रांगोळी

आज पाडव्याची रांगोळी काढता काढता पायरीपर्यंत गेली. मला बायपोलर आजार आहे. मन खचतं तेव्हा माझ्याने चार ठिपकेही जोडवत नाहीत. उधाणतं तेव्हा झोप उडते आणि रांगोळी फाटकाबाहेर जाते. पूर्वी तशी रांगोळी पाहून नवरा सुखावायचा. "बरी झालीस," म्हणायचा. शेवटी मीच त्याला सांगितलं, "माझं रडणं तुला कळतं, पण हे उधाणही आजारच आहे. अशी रांगोळी दिसली की मला जास्त सांभाळ." तेव्हापासून माझ्या आनंदाकडेही तो जरा जपूनच बघतो. ते टोचतं, पण मागितलं मीच होतं.

आज चहा घेऊन तो दारातच थबकला.

"रात्री झोप लागली?"

"सात तास."

तो क्षणभर माझ्या डोळ्यांत बघत राहिला. मग कप खाली ठेवून शेजारी बसला आणि रंगाचे डबे उघडू लागला.