दादाचे मऊ टायर

आमच्या दादाला कंजूष म्हटलेलं खपत नाही. "काटकसरी म्हण," म्हणतो. टूथपेस्टची नळी कात्रीने उभी चिरून आतली पेस्ट बोटाने काढणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा. मी त्याची धाकटी बहीण, सात वर्षांनी लहान, शाळेत गणित शिकवते. माझं लग्न झालं नाही आणि वहिनी जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून सिंहगड रस्त्यावरच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही दोघं राहतो आणि रोज सकाळी कशावरून तरी भांडतो.

या माणसाला शौक एकच, गाडीचा. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभी हयात गेली, त्यामुळे लोखंडाशी त्याचं जमतं, माणसांशी जेमतेम. आमची छोटी पांढरी गाडी अकरा वर्षांची. पण आठवड्यातून दोनदा अंघोळ तिला आणि तिच्यात बसून चिवडा खायची मला बंदी.

दोन वर्षांपूर्वी त्याने कुणाकडून तरी वापरलेली अलॉयची चार चाकं आणली. गाडीची मूळ चाकं चौदा इंची, ही पंधरा इंची. जुने टायर त्यांना बसणार नव्हते आणि नवे घ्यायला हातात पैसे नव्हते. "मग आणलीस कशाला?" मी विचारलं. "स्वस्त मिळाली." या उत्तरापुढे पुण्यात कुणाचं काही चालत नाही. चाकं वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या पलंगाखाली गेली. केर काढताना माझ्या झाडूला रोज ठेच लागायची.

दोन वर्षं तो टायरचा अभ्यास करत होता. चाक मोठं झालं की टायरची जाडी कमी करायची, म्हणजे बाहेरचा घेर तेवढाच राहतो. नाहीतर गाडीचा काटा वेग चुकीचा दाखवतो. हे गणित त्याने कॅलेंडरच्या पाठीवर मांडलं आणि माझ्याकडून तपासून घेतलं. जुन्या आणि नव्या चाकात दोन मिलिमीटरचा फरक निघाला. मी लाल पेनने 'बरोबर' अशी खूण केली. खूश झाला वेडा! पैशांचं विचारलं तर म्हणाला, "टाकतोय बाजूला. तुला काय करायचंय?" मीही जास्त खोदलं नाही. म्हटलं, याची पेन्शन, याचा शौक.

शेवटी यंदा एका शनिवारी आम्ही नाना पेठेत गेलो. टायरवाले दादाचे जुने ओळखीचे. तीन पिढ्यांचं दुकान, दर ईदला आमच्याकडे त्यांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा येतो. बोलणं मात्र आमच्यापेक्षा पक्कं पुणेरी.

"साहेब," ते म्हणाले, "काही गिऱ्हाइकांना टिकाऊ हवं असतं, काहींना रस्त्याला चिकटणारं, काहींना स्वस्त. आपल्याला तिन्ही हवंय."

"मग, मिळेल का?" दादाने विचारलं.

"मिळालं तर मलाही कळवा. मीही घेईन."

त्यांनी आधी कडक रबराचे टायर दाखवले. पाच वर्षं हलणार नाहीत म्हणाले. मग मऊ रबराचे काढले. हे वळणावर आणि ओल्या रस्त्यावर घट्ट धरतात, ब्रेक दाबला की लवकर थांबतात, पण झिजतातही लवकर. किंमत ऐकून दादाने टोपी काढून डोकं खाजवलं. तेव्हा त्यांनी माळ्यावरून चार टायर खाली उतरवले. कुणा पैसेवाल्याने शोरूममधून नवी कोरी गाडी आणली, ती सरळ यांच्या दारात उभी केली आणि आणखी मोठे टायर घालून हे काढून टाकले होते. मऊ रबराचेच, आमच्याच मापाचे, रस्ता पाहिलेला तेवढा शोरूम ते नाना पेठ, आणि किंमत बरीच कमी.

मला वाटलं, आमचा काटकसरी कडकच घेणार. पण तो म्हणाला, "हेच द्या. टायरवर वाचवू नये माणसानं. गाडी जमिनीला टेकते ती तळहाताएवढ्या चार जागांवर."

आता त्याची जुनी सवय अशी, की टायरच्या कडेवर आकडे असतात, टायर कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात बनला ते सांगणारे, ते स्वतः वाचल्याशिवाय तो टायरला हात लावू देत नाही. गेल्या खेपेला दुकानदाराशी वाद घालून एक टायर परत पाठवला होता. या वेळी मात्र तो उकिडवा बसला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "तू वाच गं. फार अंधार आहे इथे."

डोक्यावर ट्यूबलाइट होती.

"काय रे, म्हातारा झालास?" मी हसून म्हटलं आणि वाचले आकडे. काळ्या रबरावर काळीच अक्षरं, मलाही जरा वाकावं लागलं, म्हणून मनात काही आलं नाही. गणिताची बाई ना मी! आकडे दिसले की बाकी काही दिसत नाही.

रविवारी सकाळी नव्या चाकांवर आम्ही खडकवासल्याला निघालो. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. वळण आलं की म्हणायचा, "बघ, बघ, कशी बसते रस्त्यावर." मी म्हटलं, "मी पण बसलेच आहे, मला नको सांगूस." तो मोठ्याने हसला. वहिनी गेल्यानंतर तो इतका हसलेला मला आठवत नाही.

नांदेड फाटा मागे टाकला आणि डावीकडच्या गल्लीतून एक माणूस कणसांची हातगाडी ढकलत रस्त्यावर आला. चांगला दूरवरून येत होता. मला वाटलं, दादा आता वेग कमी करेल. आता करेल. मग मी दादाकडे पाहिलं, तो समोर बघत मजेत शीळ घालत होता.

"अरे दादाऽऽ!" मी किंचाळले.

त्याने ब्रेकवर पाय दिला. गाडी जागच्या जागी थांबली, घसरली नाही, वाकडी झाली नाही. हातगाडी आणि आमचा बंपर यांत वीतभर अंतर राहिलं असेल. त्या माणसाने दचकून हातगाडी मागे ओढली, तशी पाच-सहा कणसं रस्त्यावर पडली.

"डोळं हायत का बटनं?" तो माणूस ओरडला.

दादा माझ्याकडे वळला. चेहरा फुललेला. "बघितलंस? कसे धरले! जुने टायर असते ना, तर गेला होता तो."

"दादा," मी म्हटलं, "तुला तो दिसला होता?"

"तू ओरडलीस ना."

"ओरडायच्या आधी."

त्याने उगाचच वायपर चालू केला, बंद केला. "मला रस्ता मोकळा वाटला गं," म्हणाला.

मी खाली उतरले. कणसं गोळा करून दिली, त्या माणसाची हात जोडून माफी मागितली. शेवटी तोच म्हणाला, "जाऊ द्या ताई, लागलं न्हाई कुनाला." मला गाडी चालवता येत नाही. कधी शिकलेच नाही, दादा आहे ना म्हणून. त्यामुळे परत येताना दादानेच चालवली, सायकलच्या वेगाने, आणि मी सगळ्या वाटेवर "डावीकडे बाई आहे, डावीकडे कुत्रं आहे" असं सांगत बसले. गाडी तिथेच सोडून रिक्षा करायला हवी होती. त्याची मला आजही लाज वाटते.

घरी आल्यावर तो खुर्चीत बसून हळूहळू बोलला. समोरचं सगळं दिसतं, पेपर वाचता येतो, फक्त काळ्यावर काळं उमटत नाही आणि बाजूचं दिसत नाही. केव्हापासून? वर्ष झालं असेल. आणि मी वर्षभर त्याच्याशी भांडत होते, की स्वयंपाकघरातल्या स्टुलाला रोज कसा धडकतोस, पाय फुटलेत का. तो म्हणायचा, तू स्टूल मध्येच ठेवतेस. मी म्हणायचे, तू धांदरट आहेस.

त्याला काचबिंदू आहे हे आम्हाला चार वर्षांपूर्वीच कळलं होतं. डॉक्टरांनी थेंब दिले होते, सकाळ-संध्याकाळ, कायमचे. ते थेंब घातले की झालं, असंच आम्ही समजत होतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला नजर तपासायच्या यंत्रासमोर बसवलं, दिवा दिसला की बटण दाबायचं. मी मागे उभी राहून बघत होते. कितीतरी वेळ तो बटणच दाबत नव्हता.

"काका, थेंब दोन्ही वेळा घालता ना रोज?"

दादाने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "रोज म्हणजे... एक दिवसाआड," तो म्हणाला. "कधी दोन दिवसांआड. बाटली महाग आहे हो. आणि मला अगदी स्वच्छ दिसत होतं."

"उरलेल्या पैशांचं काय केलंस?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, तरी विचारलं.

डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही, काका. आहे ती राखायची. गाडी मात्र आजपासून बंद."

दवाखान्याच्या जिन्यात मी त्याला नाही नाही ते बोलले. येणारीजाणारी माणसं थांबून बघत होती. "अरे, टायरसाठी डोळे घालवलेस? भिकेचे डोहाळे तुझे! माझ्याकडे मागितले असतेस तर मी दिले नसते?" तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता. खाली आल्यावर म्हणाला, "दुखत नव्हतं गं. जरा जरी दुखलं असतं ना, तर घातले असते मी." लहान मुलासारखं म्हणाला. माझा सगळा राग तिथेच गळून पडला आणि मी रस्त्यात उभी राहून रडले.

पण त्याला बोलून मी सुटत नाही. ती बाटली आमच्या फ्रिजच्या दारात माझ्या डोळ्यांसमोर असायची. महिन्याची बाटली आमच्याकडे दोन-अडीच महिने पुरायची आणि स्टाफरूममध्ये मी कौतुकाने सांगायचे, आमचा दादा बघा, कसा पुरवून वापरतो! सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. दिवसाला दोन वेळा, महिन्याला एक बाटली, हे तिसरीतलं पोर सांगेल. मी टायरच्या घेरातले दोन मिलिमीटर तपासून दिले, हे गणित कधी मांडलं नाही. आता मी रोज दोन वेळा त्याच्या डोळ्यांत थेंब घालते. तो मान वर करून बसतो, मी पापणी धरते.

मी गाडी शिकते म्हटलं होतं. त्याने नको म्हणून सांगितलं. "तुझा क्लासही व्हायचाय, तोवर एका जागी उभी राहिली तर टायर बसतात, खराब होतात," म्हणाला. "चालवणाऱ्याकडे जाऊ दे."

गाडी घ्यायला वाघोलीचं एक तरुण जोडपं आलं, दोघंही आयटीत. मुलगा खाली वाकून म्हणाला, "काका, टायर तर एकदम फ्रेश आहेत!" मग दादा त्याला अर्धा तास सांगत बसला: हवा पंधरा दिवसांनी बघ, गाडी पळवून आणल्यावर नको, थंड असताना बघ, पाच हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे कर, मऊ रबर आहे, खड्ड्यात आपटू नकोस. त्या पोराने सगळं मोबाइलमध्ये लिहून घेतलं. चांगला मुलगा होता.

किल्ली देऊन आम्ही दोघं फाटकाशी उभे राहिलो. गाडी बाहेर पडली आणि डावीकडे वळली. मागच्या काचेतून ती मुलगी हात हलवत होती. दादाने हात वर केला होता, पण तो उजवीकडे बघत होता. तिकडून कुणाची तरी दुसरीच पांढरी गाडी चौकाकडे चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत तो हात हलवत राहिला.

"छान वळवली पोरानं," तो म्हणाला. "टायरचा आवाजसुद्धा आला नाही."

मी हो म्हटलं.