तुडवलेला कापूस

मनकर्णाबाईचे पाय कधी म्हणून जागेवर नसायचे. भाकरी थापताना टाच हलायची, पंगतीत बसली तरी अंगठा जमीन उकरायचा. माहेरानं पायाला भिंगरी बांधूनच पाठवलीय, असं सासरी, किन्हीराजातल्या बाया म्हणत. सासरे जानरावांनी त्या पायांना काम शोधलं. वेचून आणलेला कापूस खोलीत ओतला की सुनेनं तो तुडवायचा, म्हणजे तेवढ्याच जागेत दुप्पट मावे.

थंडीत तिचा डावा घोटा ठणकायचा. धनजला, माहेरी, ती पोरवयात माळ्यावरून कापसाच्या ढिगात उड्या मारायची. एकदा बापानं ढीग तुडवून ठेवला होता आणि हिनं न बघता उडी टाकली. घोटा मोडला. माळा तोच, कापूस तोच, मग हे झालं कसं, याचा विचार ती खाटेवर पडल्या पडल्या करत राहिली. आणि पडून राहणं म्हणजे तिला शिक्षाच.

साल एकोणीसशे बत्तीस-तेहेतीसचं असेल. नवरा उकंडराव छपरावरचे सरकलेले कवेलू नीट करायला कापसाच्या खोलीत शिडी लावून वर चढला. शिडी घसरली, पडून मधोमध मोडली आणि उकंडराव तुळईला लोंबकळत राहिला.

"सोड ना हात," जानराव दारातून ओरडले. "खाली कमरेएवढा कापूस हाये. भेतं कायले?"

त्याच जागी मनकर्णा सकाळपासून कापूस तुडवत नाचली होती. सासऱ्यासमोर आजवर तिचा आवाज निघाला नव्हता, तो निघाला.

"हात सोडू नका वो. मामाजी, थो कापूस म्या तुडवला हाये. त्याले दबायले जागाच नाही ठेवली. कापसानं जागा नाही देली तं हाडाले द्या लागते."

"पागल झाली काय वं?"

ती केव्हाच कापसावर चढली होती. दोन्ही हातांनी उपसायचा, झटकायचा, फुगवून परत टाकायचा. सकाळी पायांनी जे सहज केलं ते हातांना उलगडेना. आपल्याच पायांचा तिला इतका राग कधी आला नव्हता. वर उकंडरावची बोटं एकेक करून सुटत होती.

"झालं काय?" त्यानं कण्हत विचारलं.

"नाही. अजून धरा."

ढीग तिच्या छातीला लागला. ती बाजूला होते न होते तोच उकंडराव वरून कोसळला आणि कापसात दिसेनासा झाला. तिनं वेड्यासारखा कापूस उकरला. आतून उकंडराव शिंकला. खांदा निखळला होता, बाकी धड होता. मनकर्णा रडली आणि रडता रडता त्याला शिव्या देत सुटली.

जानराव कापसावर चढले. शेजारच्या तुडवलेल्या कापसावर त्यांनी हातातली काठी आपटली. काठी उसळून परत आली. त्यांनी काठी बाजूला ठेवली.

"सूनबाई," ते म्हणाले, "बस आता."

ती बसली. पाय मात्र हलतच होते, आणि त्या दिवशी त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.